बांगाई कार्डिनल : दुसरी वीण, दिवस ४६

आज सकाळी पिल्लं मोजली. १९ होती, १६ आहेत. मागच्या वेळचं माझं रडगाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना १६ म्हणजे काय ते कळेल. या समुद्री माशाचा नर अंडी तोंडात उबवतो. तेव्हा नराने रात्रीत मुख्य टँकमध्येच पिल्लं सोडली. सकाळी दोन ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या) जाळीला चिकटलेली, बाकीची क्लाऊनफिशच्या पोटात.

या वेळी नराने खाणं सोडलं तो दिवस पहिला धरला. हनुवटी फुगलेली. तोंड जरा उघडलं की आत साबुदाण्याएवढे नारिंगी मणी, आणि मधूनच गुळणी केल्यासारखी अंडी फिरवायची. सोळाव्या रात्री लाईट बंद करून, जाळी न वापरता, पाण्यातच प्लास्टिकच्या डब्यात त्याला अलगद घेतला (जाळीत घाबरला तर अंडी थुंकतो) आणि ४० लिटरच्या टँकमध्ये सोडला. पाणी मुख्य टँकचंच, खारटपणा म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५, फक्त स्पंज फिल्टर.

तेविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. अगदी बापाची प्रत, तेच काळे पट्टे! या माशात पिल्लांची प्रवाहाबरोबर वाहत जाण्याची अवस्थाच नाही. म्हणून तर इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांपलीकडे तो फारसा पसरला नाही, आणि बेसुमार पकडल्यामुळे २००७ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या यादीत गेला. घरी वीण काढण्याचा खटाटोप त्यासाठीच.

तिथे ही पिल्लं सी अर्चिन या लांब काट्यांच्या गोल समुद्री जीवांमध्ये लपतात. आपल्याकडे हार्डवेअरचं दुकान! पीव्हीसीच्या टोपीला भोकं पाडून मूठभर काळे केबल टाय खोचले. "कुठलं वायरिंग काढलंय?" दुकानदाराने विचारलं. मासे पाळतो म्हटल्यावर त्याने पुढे विचारलं नाही. टोपी तळाशी टेकते न टेकते तोच सगळी काट्यांत शिरली.

तीन गेली ती मात्र माझ्या चुकीने. सकाळी एकदम टँकचा लाईट लावला, पिल्लं दचकली, गरगर फिरली आणि तळाशी आडवी. नुसत्या ताज्या आर्टेमियावर (कोळंबीसारखे बारीक जिवंत जीव) वाढलेल्या पिल्लांत हे होतं. फॅटी ॲसिड कमी पडतात असं मानतात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाला तोंडच उघडलेलं नसतं, त्यामुळे लगेच एनरिचमेंट (फॅटी ॲसिडचं पूरक) घालून उपयोग नाही. आता साधारण बारा तास थांबून घालतो, मग खायला देतो. शिवाय आधी खोलीचा दिवा, अर्ध्या तासाने टँकचा. तेव्हापासून एकही गेलं नाही.

बापाला पिल्लं सोडल्यावर दोन दिवसांनी परत नेलं. तीन आठवड्यांच्या उपासाने पोट खपाटीला गेलं होतं, आता मायसिसवर (छोट्या कोळंबीसारखं खाद्य) तुटून पडतो. पिल्लं मात्र फ्रोझन सायक्लॉप्सकडे (गोठवलेले बारीक जलजीव) ढुंकून बघत नाहीत. कालपासून आर्टेमियात निम्मं मिसळून देतोय. एकाने तोंडात घेतलं, लगेच थुंकलं.