गोचीड चावली असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा

एप्रिल-मे महिन्यात आमच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या पट्ट्यात घरोघरी पुण्या-मुंबईची नातवंडं असतात. दिवसभर ती काजूच्या बागेत, गोठ्यात नाहीतर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला. त्यांच्या आईबापांसाठी आणि माझ्या वयाच्या आजीआजोबांसाठी हे लिहितोय. माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून झाली. गोचिडी रोजच पाहायचो, पण त्या गुरांच्या कानात, कासेवर, शेपटीखाली. यंदा सूनबाईने न्हाणीतून हाक मारली, "बाबा, जरा येता का? ह्याच्या कानामागे काहीतरी चिकटलंय, निघत नाहीये."

नातू साडेचार वर्षांचा. सकाळी आजीबरोबर काजूची बोंडं गोळा करायला गेला होता आणि पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, बसून खेळला होता. कानामागे, केस सुरू होतात तिथे, तिळाएवढा तपकिरी ठिपका. चष्मा लावून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तेव्हा पाय दिसले. पोराला दुखत नव्हतं, खाजतही नव्हतं. गोचिडीच्या लाळेने जागा बधिर होते, त्यामुळे मूल तक्रार करत नाही. ती आपणच शोधावी लागते. बागेतून आल्यावर साबणाने आंघोळ घालताना कानामागे, मानेवर केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्याच्या मागे आणि चड्डीच्या इलॅस्टिकखाली बोट फिरवायचं. डोकंही केस बाजूला करून बघायचं.

तोवर शेजारच्या काकी आल्या होत्या. "रॉकेलाचो बोळो धर गो, आपसूक सुटान पडतली." कोणी चुना सांगितला, कोणी तंबाखू, कोणी विझवलेल्या काडीचा चटका. ही माणसं प्रेमाने सांगतात आणि गुरांवर त्यांनी तेच केलेलं असतं. तरी मुलाच्या अंगावर यातलं काहीही करू नका. गोचिडीला त्रास झाला की ती पोटातलं आणि लाळेतलं परत जखमेत ओकते, आणि रोगाचे जंतू असतात ते नेमके तिथेच. शिवाय सुटायला वेळ लागतो तो वेगळाच. गोठ्यात गुरांवर मारायचं गोचिडीचं औषध तर मुलाच्या जवळही आणू नका. पाण्यात कालवून मुलांच्या पायाला लावणारे लोक मी पाहिले आहेत. ते विष आहे.

सूनबाईच्या पर्समध्ये भुवयांचा टोकदार चिमटा होता. तो स्पिरिटने पुसला. पोराला आजीने मांडीवर घेतलं आणि डोकं धरून ठेवलं. चिमट्याचं टोक कातडीला टेकवून गोचिडीला तोंडापाशी पकडलं. फुगलेल्या पोटाला पकडायचं नाही, ते दाबलं की पुन्हा तेच, आतलं सगळं जखमेत जातं. मग सरळ वर, एकसारखा, हळू ताण. पिरगळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. गोचिडीच्या तोंडाला मागे वळलेले काटे असतात, म्हणून ती घट्ट बसते आणि झटका दिला की तोंड आत तुटतं. थोडा वेळ कातडी तंबूसारखी वर आली, मग ती सुटली. चिमटा नसेल तर बोटांवर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळून असंच काढा, पण काढा. डॉक्टर सकाळी भेटतील म्हणून रात्रभर ठेवू नका.

तोंडाचा एखादा तुकडा आत राहिला तर सुई घेऊन खणत बसू नका. सहज निघाला तर काढा, नाहीतर कातडी तो स्वतःच बाहेर टाकते. जागा साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा, आपले हात धुवा. गोचीड नखावर चिरडायची सवय आमच्या सगळ्या गावाला आहे. ती सोडा. मी ती पारदर्शक चिकटपट्टीत दाबून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेवर चिकटवली. तारीख आणि गोचीड एकाच जागी राहिली.

एवढ्या चिकाटीने हे सांगतोय त्याला कारण आहे. 2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडतापाची साथ आली. पुढच्याच वर्षी आमच्या बांदा भागात ती आली आणि आमच्या ओळखीच्या घरांतली माणसं गेली. हा रोग पहिल्यांदा 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला. विषाणू गोचिडीतून येतो. माकडं त्याने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून दुसरं अंग शोधतात. माणसापासून माणसाला तो होत नाही, माकडताप झालेल्या घराला वाळीत टाकू नका. गोचिडीची पिल्लं ऐन काजूच्या हंगामात सगळ्यात जास्त असतात, आणि माणसाला चावतात ती बहुतेक हीच बारीक पिल्लं. मोठ्या गोचिडी गुरांवर पोसतात. गुरं बागेत चरतात तिथे त्या टपाटप गळून पडतात आणि एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. आमच्या बागा आणि आमची गुरं ह्या साखळीच्या मधोमध आहेत, हे मी नोकरीत असताना गोठ्यागोठ्यात सांगत फिरलो.

दुसरा ताप आहे गोचीड-टायफसचा. कोकणातल्या मुलांच्या डॉक्टरांना तो चांगला ठाऊक आहे. त्याचे जंतू कुत्र्याच्या गोचिडीतही असतात, म्हणजे कुत्र्याला कवटाळून झोपणाऱ्या मुलाला बागेत जायचीही गरज नाही. ताप, डोकेदुखी, आणि काही दिवसांनी अंगावर लाल पुरळ, अगदी तळहात-तळपायांवरसुद्धा. ह्याला औषध आहे आणि ते स्वस्त आहे: डॉक्सिसायक्लिन. लहान मुलांचे दात पिवळे पडतील म्हणून आईबाप घाबरतात, पण ह्या तापात थोड्या दिवसांच्या डोसाने दात खराब होत नाहीत. डॉक्टर लहान मुलालाही ते देतात आणि लवकर दिलं तर मूल झपाट्याने सुधारतं. माकडतापाला मात्र असं थेट औषध नाही. सलाइन, देखरेख, रक्तस्राव होतोय का ते पाहणं, एवढंच हातात असतं, म्हणून तिथे दवाखान्यात वेळेवर पोचणं हाच उपचार.

आता खरा मुद्दा. चावलेल्या प्रत्येक गोचिडीने रोग होत नाही, बहुतेक मुलांना काहीच होत नाही. नुसती चावली म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका. पण ताप यायचा तर चावल्यानंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत येतो. तोवर सुट्टी संपते. मूल पुण्याला, ठाण्याला परत गेलेलं असतं. तिथल्या डॉक्टरांसमोर तापाने फणफणलेलं मूल येतं, ते डेंग्यू बघतात, मलेरिया बघतात, व्हायरल म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की हे पोर सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागेत खेळून आलंय आणि त्याच्या कानामागे गोचीड होती. गाव, तारीख, चावल्याची जागा, हे तीन शब्द आईने तोंडाने सांगितले की तपासणीची दिशाच बदलते.

म्हणून निघताना मी सूनबाईच्या मोबाइलमध्ये चावलेल्या जागेचा फोटो काढून ठेवला आणि पोराच्या लसीकरणाच्या फायलीत कागद घातला: गावाचं नाव, तालुका, चावल्याची तारीख, "ताप आल्यास डॉक्टरांना प्रथम हे दाखवणे." ती हसली नाही. तिने त्यावर माझा फोन नंबर लिहून घेतला. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचं आमचं ठरलं आणि रात्री फोनवर आकडा कळायचा. ताप आला नाही.

तुमच्या मुलाला आलाच, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. एकदम चढलेला जोराचा ताप, अंग मोडून येणं, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, ह्यातलं काही असेल तर रात्रीची वेळ असली तरी थांबू नका.

बागेत पाठवताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि पँट मोज्यांत खोचलेली. उकाड्यात पोरं वैतागतात, तरी घाला, आणि कपडे फिकट रंगाचे घाला म्हणजे गोचीड चालताना दिसते. आल्यावर ते कपडे खाटेवर टाकू नका, थेट गरम पाण्यात. पातेऱ्यावर बसू देऊ नका, घोंगडी न्या.

आणि बागेत किंवा पाणंदीत मेलेलं वानर किंवा केलडं, म्हणजे माकड, दिसलं तर मुलांना तिथून लांब न्या. हात लावू नका, स्वतः पुरायलाही जाऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला लगेच कळवा. ते आजूबाजूला गोचिडी मारायची पावडर मारतात आणि नमुना तपासायला पाठवतात. तोवर ती वाट आपल्या वाडीतल्या सगळ्यांसाठी बंद.