मुंगी कुठे गेली?

काल दिवसभर बसून मी तीन वाक्यं खोडली. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं झालं का काही काम, म्हटलं हो, खूप झालं, गोष्ट आता ११० शब्दांवर आली. तो नुसता हसला. इतकी वर्षं बघतोय तरी त्याला अजून वाटतं की बायकोची गाडी रिव्हर्समध्येच चालते.

मुलांची चित्रपुस्तकं लिहायची आणि चित्रंही आपणच काढायची, हा माझा धंदा. लोकांना वाटतं दोन्ही एकाच माणसाकडे म्हणजे किती बरं, कटकट नाही कोणाची. अहो कटकट इथेच जास्त! लेखिकाबाई लिहून मोकळ्या होतात की पिलू घाबरलं, त्याचे कान पडले, ते पलंगाखाली जाऊन लपलं. मग चित्रवाली म्हणते मी काय आता डिंक लावत बसू का, पडलेले कान मीच दाखवणार ना, पलंगाखालून बाहेर आलेली शेपटी पण मीच काढणार, तू फक्त लिही, 'पिलू कुठेच दिसेना.' मग शब्द सांगतायत पिलू नाही आणि चित्रात शेपटी तर दिसतेय, आणि ज्याला अजून अक्षरओळखही नाही ते पोर ओरडतं, तो बघ तिथे! वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या आधी त्याला कळलेलं असतं. त्या ओरडण्यासाठी मी कितीही वाक्यं खोडायला तयार आहे, पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सुरुवातीला मी दुसऱ्यांच्या मजकुराला चित्रं काढायचे. पाठ्यपुस्तकं, मासिकाच्या कोपऱ्यातली फुलपाखरं, कविता संपल्यावर उरलेल्या जागेत एखादं मांजर. वाक्यात लाल छत्री असली की चित्रात लाल छत्री, विषय संपला. हात मस्त बसला त्या काळात, डोकं मात्र फारसं लागलं नाही. मग स्वतःची गोष्ट लिहिली ती चांगली १४०० शब्दांची, प्रत्येक पानावर जंगल, प्रत्येक झाडाला वेगळी पानं, आणि पाठवली. काहींनी उत्तरच दिलं नाही. एका एडिटरबाईंनी मात्र फोन करून सांगितलं की हे वाचायला छान आहे पण याचं चित्रपुस्तक होत नाही, आधी डमी करून बघ.

डमी म्हणजे काही विशेष नाही. आठ कोरे कागद मधोमध दुमडायचे, एकात एक घालायचे, मध्ये पिन मारायची, झाली ३२ पानं. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचंच असतं कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून ८ किंवा १६ पानांच्या हिशोबात बसवतात. त्यातली तीन-चार पानं नाव, कॉपीराइट, अर्पण यात जातात आणि हातात उरतात १२ ते १४ स्प्रेड, म्हणजे समोरासमोरची जोडपानं. एवढ्यातच सगळं बसवायचं. माझी १४०० शब्दांची गोष्ट कापून कापून त्या डमीत चिकटवली तर चित्राला जागाच उरेना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पान उलटावंसं कुठेच वाटेना. तेव्हा कळलं की उजव्या पानावर काहीतरी अर्धवट सोडायचं असतं. दार किलकिलं, कोणाची तरी सावली, 'आणि तेवढ्यात...' आणि उत्तर पानामागे. मी माझा धप्पा डाव्या पानावर मांडून उजवीकडेच देऊन टाकलेला, आता उलटायचं कशाला?

पहिलं पुस्तक आलं तेव्हाचा किस्सा सांगायलाच हवा. क्लायमॅक्सला मी हत्ती काढलेला, अख्ख्या स्प्रेडवर, तोंड बरोब्बर मधोमध. दोन पानांच्या मधल्या घडीला या धंद्यात गटर म्हणतात, आणि माझा हत्ती खरंच गटारात गेला. बांधणीत एक डोळा आणि अर्धी सोंड गायब. चूक सर्वस्वी माझी, स्क्रीनवर तर सपाटच दिसत होतं ना सगळं. आता मी डमीत मधून पेन्सिलीची जाड रेघ मारते आणि तिच्या आसपास कोणाचा चेहरा येऊ देत नाही. रंगांचंही तसंच, स्क्रीनवरचा झगमगता निळा छपाईच्या चार शाईंमधून येतच नाही, माझी पहिली चांदणी रात्र छापून आली ती ढगाळ. असो.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण मेसेज त्याचेच जास्त येतात. अ‍ॅडव्हान्स मिळतो तो रॉयल्टीतूनच, म्हणजे विक्रीतल्या आपल्या वाट्यातूनच वळता होतो, तो फिटेपर्यंत पुढचं काही येत नाही. लेखक आणि चित्रकार वेगळे असले तर रॉयल्टी सहसा दोघांत वाटली जाते, मी एकटीच असल्याने सगळी माझी, पण सहज वर्षभर जातं एका पुस्तकाला, त्यामुळे दुसऱ्यांची मुखपृष्ठं आणि वर्कशॉप सुटलेले नाहीत अजून. आणि करार नीट वाचा, मूळ चित्रं कोणाकडे राहणार आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे एवढं तरी बघाच.

नकार आला की मी बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची आठवण काढते. तिचं सशाच्या गोष्टीचं चित्रपुस्तक, पीटर रॅबिट, प्रकाशक घेईनात म्हणून तिने १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या होत्या. आणि काही काढता येत नसलं की मॉरिस सेंडाक. तोही लिहायचा आणि चित्रंही काढायचा, त्याच्या १९६३ च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या प्रसिद्ध चित्रपुस्तकात आधी जंगली घोडे असणार होते, पण घोडे काही नीट जमेनात, म्हणून ते अक्राळविक्राळ प्राणी आले. मला सायकल जमत नाही. माझ्या पुस्तकांत सगळे चालत जातात, बघा पाहिजे तर.

तर मुंगी. त्याच पहिल्या पुस्तकात पान ९ वर खाली कोपरा फार रिकामा दिसत होता म्हणून मी एक मुंगी काढली, पाठीवर वाळकं पान घेतलेली. निव्वळ जागा भरायला. एका वर्गात वाचून दाखवत होते, पान उलटलं तर पुढे बसलेला पाचेक वर्षांचा मुलगा म्हणाला, थांबा, मुंगी कुठे गेली? मी म्हटलं गेली असेल घरी. त्याने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, शेवटपर्यंत एकेक पान बोट फिरवून तपासलं, आणि परत देताना माझ्याकडे असं बघितलं की मला त्या दिवशी हत्ती गटारात गेल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात ती असते आणि तिला पूर्ण रस्ता असतो. सगळे स्प्रेड काडेपेटीएवढे एका कागदावर काढून घेतले की मी लाल पेन्सिलीने आधी तिचा रस्ता आखते, मग बाकीच्यांचं बघते. मजकुरात तिचा उल्लेख कुठेच नाही.

आत्ताच्या पुस्तकात ती पान २६ ला घरी पोचते. पण तिथे खाली तीन ओळी मजकूर होता, तिचं वारूळ काही केल्या बसेना. काल खोडली ती तीन वाक्यं तिथलीच.