जुना खून, नवा पॉडकास्ट

आज दिवसभर न उलगडलेल्या एका खुनावरच्या भागाचं काम चाललं. असे भाग फसतात ते कागदांवाचून. आधी 'अ समरी' झाली का ते बघा: गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा पोलिसांनी कोर्टाला दिलेला तो अहवाल. कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. तपासाला बाधा येते म्हणून नकारही येऊ शकतो. मग कोर्टातून नकला काढा. संशयिताचं नाव नुसत्या ऐकीव गोष्टीवर घेऊ नका, कृपा करा.

आणि आवाज! सोलापुरी चादर दुहेरी करून भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा, चिकटवलेली कमी शोषते. जवळ यंत्रमाग असेल तर त्याची घरघर मात्र तिने अडत नाही, बाहेरचा आवाज रोखायला ती फार हलकी. माग बंद असतानाच रेकॉर्ड करा.