पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेली गाडी

माझी रोजची गाडी विजेवर चालते. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आवाज करत नाही, पोरांना सुखरूप शाळेत पोचवते, मी लेन सोडू लागले की स्टिअरिंग हलकेच ओढून जागेवर आणते. पण एका संध्याकाळी घरी येऊन गाडी लावली आणि जाणवलं, की पाऊण तासाच्या रस्त्यातलं एकही वळण मला आठवत नाहीये. दुसऱ्या गाडीचा विचार तिथून सुरू झाला.

स्पोर्ट्स कार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती पळते? मला पळणारी नकोच होती. पळायला तर माझी रोजचीच गाडी कितीतरी पुढे आहे. मला हवी होती रांगडी गाडी. माझ्या चुका पोटात न घालणारी, आणि एखादी गोष्ट नीट जमली तर तेही हाताला कळवणारी.

डोक्यात आधी पोर्शे ९११ होती. एअर-कूल्ड इंजिनची, सत्तरच्या दशकातली. एका स्नेह्यांनी विश्वासानं अर्धा दिवस हाती दिली. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे नाक हलकं आणि स्टिअरिंग इतकं बोलकं, की रस्त्यावरची खडी तळहातावर मोजावी. "वळणात पाय उचलायचा नाही हं," त्यांनी दोनदा बजावलं. कारण ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं जड इंजिन शेपूट बाहेर फेकतं. गाडी अप्रतिमच, पण मी तो अर्धा दिवस तिला जपण्यात घालवला. ओरखडा पडेल म्हणून जिची धास्ती वाटते ती गाडी मी पावसात नेणार नाही, दुकानासमोर लावणार नाही. ती कपाटातल्या शालूसारखी होऊन जाईल.

मग पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. १९८९ ची, उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची. कुणी मला विचारलं तर मी आजही हीच घ्या म्हणेन. वजन हजार किलोच्या आत, गिअरचा दांडा मनगटानं फिरवावा एवढाच, आणि किल्ली फिरवली की दरवेळी सुरू होते. माझं अडलं ते याच शेवटच्या गोष्टीपाशी. तिला माझ्याकडून काही लागतच नव्हतं. रोजच्या गाडीकडून जे हवं तेच दुसऱ्या गाडीकडून घ्यायचं, तर दुसरी कशाला?

घेतली ती १९६६ ची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची. उघडी, तारांच्या चाकांची. १७९८ सीसीचं लोखंडी इंजिन, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारे), जेमतेम ९५ अश्वशक्ती. ताशी शंभर किलोमीटर गाठायला बारा सेकंदांहून जास्त लागतात. मागे सरळ ॲक्सल आणि पाटे. १९७४ च्या शेवटी अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंच झाली; तशी एक मी चालवून पाहिली. वळणावर ती फार कलते, मला नाही आवडली. १९६७ च्या सुधारित मॉडेलमध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी कडी, मिळाला, त्याच्या आधीची मात्र मी मुद्दाम शोधली.

शोधताना सर्वाधिक वेळ गेला गंज पाहण्यात. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते, आणि छत नसल्यामुळे दाराखालच्या सिलवर फार काही अवलंबून असतं. बाहेरून चकचकीत रंग असतो आणि आत पुट्टी. मी खिशात लोहचुंबक घेऊन हिंडत असे, पातळ कापडात गुंडाळलेलं. एका देखण्या लाल गाडीच्या सिलवर ते टेकवलं आणि सोडलं, तर सरळ खाली पडलं. दाराची वरची फट खालच्या फटीपेक्षा अरुंद दिसली तर समजायचं, गाडी मध्यात वाकलीय. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, सगळं नंतर करता येतं. कुजलेला पत्रा मात्र घेणाऱ्याचं दिवाळं काढतो. मी घेतलेल्या गाडीचा रंग दोन ठिकाणी उडालेला होता, पण सिलवर चुंबक घट्ट बसलं.

तिच्यासोबतच्या सकाळी अशा असतात. किल्ली फिरवली की मागून पेट्रोलपंपाची टकटक ऐकू येते. कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की ती मंदावते, थांबते. मग चोक ओढायचा. सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलट बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, म्हणून वायरिंगला हात लावण्यापूर्वी मी दोनदा विचार करते. सिंक्रो नाही, म्हणून चालती गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यायची तर डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल, सोडा, ॲक्सिलरेटरचा एक ठोसा, पुन्हा क्लच, गिअर. पहिले पंधरा दिवस दात करकरले. आता दहातले आठ वेळा दांडा आपसूक आत सरकतो, आणि सरकला की दिवसभर बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र अगदी गंभीरपणे सांगायची आहे. ब्रेक एकाच सर्किटवर आहेत. एक नळी फुटली की पेडल तळाला. म्हणून सगळे होज, व्हील सिलिंडर आणि ऑइल मी पहिल्याच आठवड्यात बदलून घेतलं, सीटबेल्टही नवे बसवले. इंजिनातले व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीट कडक धातूच्या टाकून घेतल्या, कारण शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या लोखंडी सीट झिजत जातात. इथेनॉलमुळे पेट्रोलचे जुने रबरी पाइपही खराब होतात, तेही गेले. पुढच्या गाडीपासून मी दुप्पट अंतर ठेवते. मुलांना तिच्यात नेत नाही, आणि यावर घरात चर्चा नाही.

रविवारी कार्ब्युरेटर जुळवते. एअर फिल्टर काढायचे, रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हींचा सुस्कारा एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन खालची पिन दाबून केसभर उचलायचा. इंजिन क्षणभर चढून पुन्हा स्थिरावलं तर मिश्रण बरोबर. चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, धापा टाकायला लागलं तर कमी. पुढचा काल जमला. मागचा अजून थोडा चढा फुसफुसतोय.