तुम्ही विचारलंत म्हणून: लोपेतेगीची बाजू

फुटबॉलची मॅच बघायला चारजण जमले की कोणीतरी विचारतंच, "त्या लोपेतेगीचं काय एवढं घेऊन बसलीस? स्पेनचा प्रशिक्षक असताना, 2018 चा वर्ल्ड कप तोंडावर असताना त्यानं रियाल माद्रिद क्लबची नोकरी पक्की केली, त्याची कसली बाजू घेतेस?" गोंगाटात नीट बोलता येत नाही. इथे सांगते.

तुम्ही 2018 पासून सुरुवात करता, मी 1994 पासून करते. हुलेन लोपेतेगी गोलकीपर होता. स्पेनकडून एकच सामना खेळला, तोही मैत्रीपूर्ण आणि मुख्य गोलकीपर सुबिसारेताचा बदली म्हणून. त्या वर्षी अमेरिकेतल्या वर्ल्ड कपला संघाबरोबर गेला, पण एक मिनिटही मैदानात उतरला नाही. पुढे बार्सिलोना क्लबातही बहुतेक काळ बाकावर. अशा माणसाला वर्ल्ड कपची किंमत नव्हती, असं मला सांगू नका.

प्रशिक्षक म्हणून स्पेनला त्यानं 20 सामन्यांत हरू दिलं नाही. 14 जिंकले, 6 बरोबरीत. इटलीला 3-0, अर्जेंटिनाला 6-1. 22 मे 2018 ला स्पेनच्या फुटबॉल फेडरेशननं त्याचा करार 2020 पर्यंत वाढवला. 31 मे ला प्रशिक्षक झिदाननं रियाल सोडलं. 12 जूनला रियालनं जाहीर केलं की वर्ल्ड कपनंतर लोपेतेगी आपल्याकडे येणार. तेव्हा संघ रशियात, क्रास्नोदारला. फेडरेशनचे अध्यक्ष लुइस रुबियालेस फिफाच्या बैठकीसाठी मॉस्कोत. त्यांना हे कळलं घोषणेच्या जेमतेम पाच मिनिटं आधी. ते तडक क्रास्नोदारला आले. रामोससारखे ज्येष्ठ खेळाडू, लोपेतेगीला काढू नका, अशी त्यांची समजूत घालत होते, अशा बातम्या होत्या. 13 ला पत्रकार परिषद झाली: लोपेतेगी बाहेर, क्रीडा संचालक हिएरो आत. 15 ला सोचीत पोर्तुगालशी सामना. 14 ला लोपेतेगी बर्नाबेऊत, रियालच्या स्टेडियममध्ये, मंचावर उभा होता. आई गेली त्यानंतरचा कालचा दिवस सगळ्यात दुःखाचा, हे सांगताना त्याचा गळा दाटून आला. मी ते लाइव्ह बघितलं. त्या चेहऱ्यावर लबाडी मला तेव्हाही दिसली नाही, आजही दिसत नाही.

तरीही 22 मेची सही मला टोचते. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरायचे की नोकरी बदलणं हा गुन्हा नाही, तो वर्ल्ड कप पूर्ण करूनच जाणार होता. आज त्या तेव्हाच्या मला मी विचारते: तीन आठवड्यांपूर्वी सही केलेल्या माणसानं वाटाघाटी सुरू होताच अध्यक्षांना फोन करायला नको होता? ती म्हणते, रियालसारखा क्लब आयुष्यात एकदाच बोलावतो. मी म्हणते, फोन करून नाही म्हणायचं नव्हतंच, नुसतं सांगायचं होतं. इथे आमचं दोघींचं अडतं.

पण शिक्षा भोगली कोणी? हिएरोनं मुख्य प्रशिक्षक म्हणून फक्त ओव्हिएदो हा क्लब सांभाळला होता. पोर्तुगालशी 3-3, आणि 1 जुलैला रशियाविरुद्ध हजारावर पास देऊन 1-1, मग पेनल्टींवर घरी. स्पेनच्या जर्सीतला इनिएस्ताचा तो शेवटचा सामना. याचा सगळा हिशोब एकट्या लोपेतेगीच्या नावावर मांडणं मला पटत नाही.

रियालनंही त्याला ऑक्टोबरअखेर काढलं, बार्सिलोनाकडून 5-1 हरल्याच्या दुसऱ्या दिवशी. रोनाल्डो विकून टाकलेला संघ होता तो, हे कोणी आठवत नाही. मग सेव्हिया या स्पॅनिश क्लबाबरोबर 2020 ला कोलोनमध्ये इटलीच्या इंटरला 3-2 हरवून युरोपा लीग जिंकली तेव्हा तो रडला. दोन वर्षांनी जर्मनीच्या डॉर्टमुंडकडून 4-1 हरल्यावर तिथूनही गेला, पण त्या रात्री प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काढून टाकलेल्या प्रशिक्षकाला असा निरोप मिळतो कुठे?

ऑक्टोबर 2025 मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यानं कतारला वर्ल्ड कपसाठी पात्र करून दिलं. लगेच मला सांगण्यात आलं, "मिळाला ना शेवटी, आता तरी पुरे." नाही मिळाला. इनिएस्ता, सिल्वा, पिके, रामोस एकत्र असलेला तो संघ त्याला परत कोण देणार?

तेव्हा पुढच्या वेळी मला विचारण्याआधी एक सांगा: रुबियालेसनी आणखी महिनाभर राग गिळला असता आणि स्पर्धा संपल्यावर काढलं असतं, तर नेमकं काय बिघडलं असतं? अध्यक्षांचा मान राहिला नसता, हे मी ऐकलंय. दुसरं काही असेल तर सांगा.