कोल्हापूर ते तिरुपती : ६५७ किलोमीटर, पण वेळ किती?

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी मागच्या आठवड्यात जिन्यातच थांबवून विचारले, "कोल्हापूरहून तिरुपतीला विमानाने पाऊणच तास लागतो ना रे?" त्यांच्या नातवाने अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळावर तसे वाचले होते : अंतर ६५७ किलोमीटर, वेळ पाऊण तास. बालाजीनंतर अंबाबाईचे दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असे आपल्याकडे मानतात, आणि त्याच हिशेबाने काकू हा बेत आखत होत्या. हा विमानप्रवास मी आईबरोबर केलेला असल्यामुळे त्यांना सविस्तर उत्तर देणे भाग होते.

त्या आकड्यांपैकी अंतर बरोबर आहे. वेळ मात्र दुसऱ्याच जातीच्या विमानाची आहे. अंतर तर पाकिटाच्या पाठीवरही काढता येते. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ साधारण १६ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे आणि तिरुपतीचा रेणिगुंटा येथील विमानतळ १३ अंश ३८ कलांवर, म्हणजे दक्षिणेकडे सुमारे ३३६ किलोमीटर जायचे. रेखांशातील फरक सव्वापाच अंशांचा असून या पट्ट्यात एक अंश सुमारे १०७ किलोमीटरचा भरत असल्याने पूर्वेकडे ५६४ किलोमीटर जायचे. शाळेतला पायथागोरस लावला की कर्ण ६५७ किलोमीटरचा येतो. वैमानिकांच्या भाषेत हे ३५५ सागरी मैल.

ताशी ८३० किलोमीटरच्या जेट वेगाने भागले, तर पाऊण तासाच्या आसपास उत्तर येते, आणि संकेतस्थळाने नेमके तेच केले होते. आम्ही बसलो ते मात्र पंख्यांचे एटीआर ७२ होते. त्याचा वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आतच राहतो, त्यामुळे सरळ रेषेत उडाले तरी सव्वा तास होतो. शिवाय चढण्याच्या काळात हा वेग मिळत नाही आणि उतरताना वाऱ्याच्या दिशेनुसार वळसाही घ्यावा लागतो. तिकिटावर छापलेली वेळ आणखी निराळी असते, कारण चाकांचे ठोकळे काढून विमान हलल्यापासून दुसऱ्या टोकाला ते पुन्हा लावेपर्यंतचा काळ तीत धरतात.

आमच्या तिकिटावर एक तास चाळीस मिनिटे लिहिले होते. मागच्या दाराच्या चार पायऱ्या चढून आईला खिडकीशी बसवले आणि (सवयच अशी) घड्याळ पाहून वहीत टिपत गेलो : जमीन सुटल्यापासून चाके टेकेपर्यंत एक तास चोवीस मिनिटे, हलल्यापासून थांबेपर्यंत एक तास पस्तीस. आईने मध्येच विचारले, "अजून पंखा फिरतोय ना?" तो फिरत होता.

रेल्वेने याच प्रवासाला जवळपास एक दिवस जातो, तेव्हा पाऊण तास की दीड तास याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते पुढचे गणित. ठाण्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली, तर सकाळी कोल्हापूर येते. तिथून उजळाईवाडी, विमानतळावरची तपासणी, मग उड्डाण, रेणिगुंट्याहून तिरुपती शहर सुमारे १५ किलोमीटर आणि त्यानंतर तिरुमलाचा घाट. काकूंनी नातवाच्या पाऊण तासावर भिस्त ठेवून त्याच दुपारचे तीनशे रुपयांचे दर्शन धरले होते. ते तिकीट अजून काढलेले नव्हते, हे बरे झाले. आता त्या दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ पाहत आहेत.