तुम्ही विचारलंत म्हणून: तांदळाच्या डब्यातली गुलालाची पुडी

शाळेतून निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. जुने सहकारी विचारतात, गल्लीतल्या बायका विचारतात आणि लग्न ठरलेल्या माजी विद्यार्थिनी तर हमखास विचारतात: "बाई, तुमच्या घरात कुणी देव मानतं, कुणी मानत नाही. राजकारणात बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे. तरी तुम्ही सगळे उघडपणे बोलता. हे जमतं कसं?" या प्रश्नाला मी आजवर दोन वाक्यांत उत्तर देत आले आणि ते दर वेळी अपुरे राहिले, कारण आमचे घर मोकळे आहे असे आम्हीही पुष्कळ वर्षे समजत होतो आणि तो समज खरा नव्हता.

१९८९ साली मी इचलकरंजीहून लग्न होऊन कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या या घरात आले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शाहू मिलमध्ये कामाला होते आणि शेतकरी कामगार पक्षाच्या सभांना आयुष्यभर जात आले होते. त्यांच्या वडिलांचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय लागले होते, आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. संध्याकाळी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, मिलमधले चार-पाच जण जमत आणि ऊसदरापासून देवाच्या अस्तित्वापर्यंत सगळ्यावर वाद चाले. माझ्या माहेरी सुनांनी अशा बैठकीत तोंड उघडण्याची पद्धत नव्हती. इथे मामंजी स्वतः मला हाक मारून वर्तमानपत्र हातात देत आणि "तुझं काय मत?" असे विचारत. मी त्या घरावर त्या दिवसांपासून जीव टाकला.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र त्या बैठकीत कधी नसत. त्या स्वयंपाकघरात असत. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या अंबाबाईला जाऊन येत, पण बाजाराची पिशवी घेऊन, बाजाराला म्हणून. १९९८ साली तांदूळ निवडताना मला डब्याच्या तळाशी कागदाची एक पुडी सापडली. आत गुलाल होता. तो चैत्र यात्रेतला, जोतिबाच्या डोंगरावरून शेजारणीने आणून दिलेला. ज्या घरात प्रत्येक गोष्टीवर उघड चर्चा होत होती, त्याच घरात एका बाईने आपला देव तीस-पस्तीस वर्षे तांदळात लपवून ठेवला होता.

मी विचारले तेव्हा त्या आधी घाबरल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना बोलता येतं गं. ते म्हणतात, देव दाखव. मी काय दाखवू?" त्यानंतर त्यांनी मला १९६८ सालची गोष्ट सांगितली. त्यांचे दुसरे मूल आठ महिन्यांचे होऊन तापाने गेले होते. मामंजी पुरुषमाणसांत बसून राहिले, आणि या बावीस वर्षांच्या बाईने दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन गरुड मंडपाच्या खांबाला टेकून संध्याकाळपर्यंत नुसते बसून घेतले. "तिथं मला कुणी काही विचारलं नाही," एवढेच त्यांचे त्यावरचे म्हणणे होते.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. त्यांची परवानगी न घेता मी हे सगळे मामंजींना सांगितले. आत्याबाई त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचे ते बरोबरच होते. दुसऱ्याची श्रद्धा ही आपल्याला सांगितलेली गोष्ट असते, आपल्या मालकीची नसते, हे मला तेव्हा कळायला हवे होते. मामंजी मात्र ऐकून बराच वेळ गप्प राहिले आणि त्या रात्री जेवताना त्यांनी विचारले, "त्या दिवशी देवळात काय केलंस?" तीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला होता. देव आहे हे त्यांनी पुढेही, शेवटपर्यंत, मानले नाही. पण 'दाखव' हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

पुढे त्यांनी स्वतःच यावर विचार केला, आणि तो कोल्हापुरी माणसाने करावा तसाच, शाहू महाराजांपासून सुरुवात करून केला. वेदोक्ताचे प्रकरण ते आम्हाला नेहमी सांगत: १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी महाराजांसाठी वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे उघड झाले आणि त्यातून मोठा संघर्ष उभा राहिला. आता ते त्यात एक गोष्ट जोडू लागले. महाराजांचा झगडा देवाशी नव्हता, देवाच्या दारात कुणाला कमी लेखले जाते याच्याशी होता. सत्यशोधकांना बळ देणाऱ्या याच राजाने १९१९ मध्ये राजाराम कॉलेज वेद मानणाऱ्या आर्य समाजाकडे सोपवले आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे मराठा धर्मगुरूचे, पीठ निर्माण केले. मराठ्यांसाठी, जैनांसाठी, मुसलमानांसाठी बोर्डिंगे काढताना मुलांनी काय मानावे याची अट घातली नाही. मामंजी म्हणत, "मी निम्माच शाहू वाचला होता."

तेव्हापासून आमच्या घरात एक भेद हळूहळू रुजला, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर त्या भेदात आहे. माणूस कशाच्या आधाराने उभा आहे हे विचारायचे आणि ऐकायचे. तिथे पुरावा मागायचा नाही. पण त्या श्रद्धेचा किंवा मताचा भार दुसऱ्या कुणावर पडत असेल, तर मात्र वाद घालायचा, अगदी जेवण थंड होईपर्यंत घालायचा. राजकारणाचा भार तर कायमच दुसऱ्यावर पडत असतो, म्हणून तिथे कारण देण्यातून कुणालाच सूट नाही.

या भेदाची परीक्षा २०१६ मध्ये झाली. १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले आणि त्याच महिन्यात अंबाबाईच्या गाभाऱ्यात जाऊ पाहणाऱ्या कार्यकर्त्या महिलांना धक्काबुक्की झाली. माझी मुलगी तेव्हा वीस वर्षांची होती आणि संतापली होती. आत्याबाई गाभारा प्रवेशाच्या पूर्ण विरोधात होत्या. मी मुलीच्या बाजूची होते आणि आजही आहे. तीन रात्री दोघी बोलल्या. आत्याबाईंना नियमाचे प्रेम नव्हते, त्यांना भीती होती. देवीचे काही चुकले तर घरावर येईल, ही एका मूल गमावलेल्या बाईची भीती होती. मुलीने ती ऐकून घेतली, पण माघार घेतली नाही. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "मी जायची नाही. तुला अडवायची नाही." एवढ्यावर ते थांबले, आणि दहा वर्षे होत आली तरी दोघी आपापल्या जागी आहेत.

राजकारणाने आम्हाला याहून जास्त दमवले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. मामंजींनी त्यांची अनेक भाषणे ऐकली होती. त्या आठवड्यात शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ काळजीने सांगून गेले, की मामांना आता सोप्यात बसून जोरात बोलू देऊ नका. मी आणि माझे पती जवळजवळ तयार झालो होतो. आत्याबाईंनी नाही म्हटले. "त्यांनी मला माझा देव बाहेर काढू दिला. आता त्यांनी तोंड लपवायचं का?" असे त्या म्हणाल्या आणि सोप्यातली चटई त्यांनी स्वतः अंथरली.

जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहरात तणाव उसळला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झाले. त्याच्या आदल्या काही दिवसांत माझ्या मुलाने घरच्या ग्रुपवर एका धर्माविषयी जे मजकूर पाठवले होते ते वाचून त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणे सोडले होते. इंटरनेट नसलेल्या त्या दिवसांत मी त्याला एकच गोष्ट विचारली: शाळेचे गणवेश ज्या चाचांनी दहा वर्षे शिवून दिले, त्यांच्यासमोर हा मजकूर तू मोठ्याने वाचशील का? तो चिडून म्हणाला, "मी चाचांबद्दल बोलत नाही, आई." मी म्हटले, मग कुणाबद्दल बोलतोस ते नाव घेऊन सांग. उत्तर त्या दिवशी आले नाही. त्याचे मत मी बदलू शकले असे मी म्हणणार नाही. त्याचा पक्ष आजही तोच आहे. मात्र ग्रुपवर आलेला मजकूर पुढे ढकलणे बंद झाले, आणि जे म्हणायचे ते तो जेवताना, आमच्याकडे पाहून, स्वतःच्या शब्दांत म्हणतो. त्यातले पुष्कळ मला ऐकवत नाही. तरीही मी ऐकते आणि उत्तर देते.

मामंजी २०१९ मध्ये गेले. येत्या हिवाळ्यात या मुलाचे लग्न आहे. त्याला वैदिक पद्धतीने विधी हवे आहेत, मुलीला भावाचे लग्न पणजोबांसारखे सत्यशोधक पद्धतीने व्हावे असे वाटते, आणि गेले तीन आठवडे आमच्याकडे दुसरा विषय नाही. परवा रात्री सगळे बोलून दमल्यावर आत्याबाईंनी विचारले, "त्या पोरीला कुणी विचारलं का?" कुणीच विचारले नव्हते. रविवारी ती जेवायला येणार आहे.